कांजिण्यांचे २४ दिवस

२०२५ च्या फेब्रुवारीअखेरीस माझ्या थोरल्या मुलीला कांजिण्या झाल्या आणि ती बरी होऊन पुन्हा शाळेत जाऊ लागली त्याच आठवड्यात धाकट्याच्या अंगावर त्या उठल्या. थोरली तेव्हा साडेसहा वर्षांची असून पहिलीत होती, धाकटा अडीच वर्षांचा होता. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या लहानशा गावात दवाखाना नाही; प्राथमिक आरोग्य केंद्र सात किलोमीटरवर आणि ग्रामीण रुग्णालय बावीस किलोमीटरवर आहे. घरात मी, माझे यजमान, सासूबाई आणि बाळंतपणासाठी माहेरी आलेली माझी नणंद असे आम्ही होतो. नणंदेला आठवा महिना लागला होता. त्या दिवसांत मी एका वहीत रोजचा ताप, औषधाची वेळ आणि लेकरांनी काय खाल्ले ते लिहीत गेले. हे लेखन त्या वहीवरूनच केले आहे, कारण पहिल्या दोन रात्री पुढे काय होणार आहे एवढेच मला कोणीतरी सांगायला हवे होते.

२७ फेब्रुवारी हा महाशिवरात्रीचा दुसरा दिवस होता. थोरली शाळेतून आली ती ओसरीवरच आडवी झाली. अंग किंचित कोमट होते, डोके दुखते म्हणाली आणि न जेवता झोपली. आदल्या दिवशी यात्रेत उन्हात फिरल्यामुळे झाले असेल, असे आम्ही धरले. २८ तारखेला सकाळी तिला न्हाऊ घालताना पोटावर दोन आणि पाठीवर एक लाल ठिपका दिसला. ऊन तापू लागले होते, म्हणून मी त्यावर घामोळ्यांची पावडर लावली आणि तिला शाळेत पाठवले. त्या दिवशी तिला घरी ठेवायला हवे होते, हे आज कळते. संध्याकाळी ती परत आली तेव्हा पोटावर पंधरा-वीस ठिपके होते आणि सकाळच्या ठिपक्यांवर पाण्याने भरलेले, काचेसारखे पातळ फोड आले होते, जणू कोवळ्या पानावर दव बसले आहे. वेणी सोडून केसांत बोटे फिरवली तर तिथेही दोन फोड हाताला लागले. केसांतले हे फोड पाहून माझी घामोळ्यांची समजूत संपली. तापाबरोबर आलेले, पोट, पाठ आणि चेहऱ्यापासून सुरू झालेले, काही तासांत लाल ठिपक्याचे पाण्याचे फोड होणारे आणि डोक्याच्या कातडीवरही सापडणारे पुरळ असेल, तर ते कांजिण्यांचे असण्याची शक्यता फार मोठी असते.

सासूबाईंनी एकदा पाहिले आणि त्या म्हणाल्या, “पोरीले माता आली व. आता घरात फोडनी टाकू नको, अन् तिले पानी लावू नको.” त्यांनी अंगणातल्या कडुनिंबाचे डहाळे आणून दाराच्या चौकटीला खोवले. गावाच्या शिवेवर, निंबाच्या झाडाखाली आमच्या मातामायचे ठाणे आहे; त्या दिशेला त्यांनी हात जोडले. माझ्या मनात त्या क्षणी चीड आली होती, हे मी लपवत नाही. पुढच्या तीन आठवड्यांत ती चीड का ओसरली, ते ओघात येईलच.

त्या रात्री ताप १०१ झाला. यजमान मोटारसायकलवर बाजारगावी जाऊन औषधाच्या दुकानातून तापाचे एक सिरप घेऊन आले. दुकानदाराने लेकराचे वय विचारले, आजार विचारला नाही. मी एक चमचा पाजले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बाटली हातात घेऊन मागचा बारीक मजकूर वाचला आणि ती बाजूला ठेवली. त्यात पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेनही होते. कांजिण्यांच्या लेकराला आयबुप्रोफेन टाळावे, कारण त्यामुळे कातडीतला जंतुसंसर्ग गंभीर होण्याचा धोका वाढू शकतो, आणि अ‍ॅस्पिरिन तर मुळीच देऊ नये, कारण त्यातून यकृतावर आणि मेंदूवर परिणाम करणारा, विरळ असला तरी जिवावर बेतणारा आजार उद्भवू शकतो, असे त्यांनी समजावले. सासूबाईंच्या डब्यात पाण्यात विरघळणाऱ्या डोकेदुखीच्या गोळ्या असतात आणि त्या अ‍ॅस्पिरिनच्याच असतात. घरी आल्याबरोबर तो डबा मी उंच फळीवर ठेवला. तापासाठी दुकानात जाल तेव्हा नुसते “तापाचे औषध” मागू नका, “फक्त पॅरासिटामॉल” असे सांगा आणि बाटलीवर दुसरे नाव नाही ना, ते तिथेच वाचून घ्या.

१ मार्च, शनिवार. सकाळी आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. मुद्दाम एसटीने गेलो नाही. बसमध्ये कोणाच्या कडेवर तान्हे असेल, कोणाला दिवस गेलेले असतील, हे आपल्याला कळत नाही. केंद्रावर पोहोचल्यावरही मी मुलीला बाहेर झाडाखाली यजमानांजवळ ठेवले आणि आधी आत जाऊन परिचारिकेला सांगितले की अंगावर फोड आलेले लेकरू आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला अशा केंद्रांवर गर्भवतींची तपासणी असते. त्या दिवशी तर असे लेकरू घेऊन रांगेत बसूच नये. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले आहेत, त्यामुळे केसपेपरला पैसे लागले नाहीत. आमचा नंबर येईपर्यंत पन्नास मिनिटे गेली.

डॉक्टरांनी खोकला आहे का, नाक वाहते का, डोळे लाल होऊन पाणी येते का, असे विचारले आणि लसीकरणाचे कार्ड पाहिले. ही चौकशी गोवर नाही ना, हे पाहण्यासाठी होती. गोवरात आधी तीन-चार दिवस जोराचा ताप, खोकला आणि लाल डोळे असतात, पुरळ कानामागून आणि चेहऱ्यावरून खाली उतरते आणि त्यात पाणी भरत नाही. कांजिण्यांत मात्र एकाच वेळी, शेजारी शेजारी, लाल ठिपका, पाण्याचा फोड आणि सुकत चाललेली खपली असे तिन्ही प्रकार दिसतात, कारण तीन-चार दिवस नवे फोड येतच राहतात. मुलीच्या पोटावर ते तिन्ही त्या वेळी सापडले. त्यानंतर त्यांनी वर्गात आणखी कोणाला झाले होते का, ते विचारले. तिच्या शेजारी बसणारी मुलगी १४ फेब्रुवारीपासून येत नव्हती. लागण झाल्यापासून पुरळ दिसायला १० ते २१ दिवस लागतात, बहुधा दोन आठवडे, आणि पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच रुग्णाकडून दुसऱ्याला लागण होऊ शकते. हिशोब बरोबर जुळत होता. त्या मुलीच्या आईचा दोष नव्हता, जसा २८ तारखेला माझाही हेतू वाईट नव्हता.

मी विचारले, कार्डावरच्या सगळ्या लसी वेळेवर दिल्या आहेत, मग हे कसे झाले? तेव्हा कळले की कांजिण्यांची लस सरकारी लसीकरणात नाही. ती खासगी बालरोगतज्ज्ञांकडे विकत घ्यावी लागते. पहिला डोस साधारण १५ व्या महिन्यात आणि दुसरा त्यानंतर किमान तीन महिन्यांनी. कार्ड पूर्ण भरले म्हणजे सगळ्या लसी झाल्या, असे मी पाच वर्षे समजत होते, आणि माझ्यासारख्या पुष्कळ आया तसेच समजत असतील म्हणून हे इथे लिहिते.

उपचार ऐकून मला थोडी निराशा आली होती. इंजेक्शन नाही, सलाईन नाही. ताप असेल आणि लेकरू अस्वस्थ असेल तेव्हा पॅरासिटामॉल, खाजेसाठी अंगाला कॅलामाइन लोशन आणि रात्री एक खाज कमी करणारे औषध, भरपूर पाणी, नखे कापणे, आणि वाट पाहणे. निरोगी लहान मुलात हा विषाणू आपली मुदत पूर्ण करून जातो, आपण फक्त कातडी, पाणी आणि ताप सांभाळायचा, हे डॉक्टरांचे म्हणणे होते. पॅरासिटामॉल वयावर नव्हे, तर वजनावर मोजायचे, एका वेळी दर किलोला १५ मिलिग्रॅमपर्यंत, दोन वेळांत सहा तासांचे अंतर ठेवून. थोरलीचे वजन १८ किलो भरले, म्हणून तिला ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेले सिरप ५ मिलिलिटर. याच सिरपची निम्म्या ताकदीची बाटलीही मिळते आणि दोन्ही दिसायला सारख्याच असतात. घरातल्या चमच्याने मोजू नका, बाटलीबरोबरचे माप किंवा सुई काढलेली सिरिंज वापरा. कॅलामाइन त्या दिवशी केंद्रात शिल्लक नव्हते. बाहेर ११० रुपयांना मिळाले. थर्मामीटर १८० रुपयांचा घेतला.

निघताना मी नणंदेचा विषय काढला, तेव्हा डॉक्टर पुन्हा खुर्चीवर बसले. तिला पूर्वी कांजिण्या झाल्या होत्या का? सासूबाईंच्या आठवणीत एका लेकराला माता आली होती खरी, पण ते लेकरू कोणते, माझे यजमान की नणंद, हे त्यांना खात्रीने सांगता येईना. पूर्वी न झालेल्या गर्भवतीला कांजिण्या झाल्या तर तिची फुप्फुसे बाधित होऊ शकतात, आणि बाळंतपणाच्या पाच दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंतच्या काळात आईला पुरळ उठले तर बाळाला फार गंभीर आजार होऊ शकतो. तिचे दिवस एप्रिलच्या मध्यावर भरत होते. धाकट्याला पुढे लागण झाली तर त्याच्याकडून नणंदेला पुरळ उठण्याची मुदत थेट त्या तारखांपर्यंत जाऊन भिडत होती, हे डॉक्टरांनी कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवले. लागण झाल्यापासून दहा दिवसांच्या आत द्यायचे एक संरक्षक इंजेक्शन असते. पण ते महाग आणि दुर्मिळ असल्याने आधी रक्तातील प्रतिपिंडांची, म्हणजे आजार पूर्वी होऊन गेल्याच्या खुणेची, तपासणी करून तिला त्याची गरज आहे का, ते पाहायचे.

आमचा पहिला विचार तिला मावशीकडे पाठवण्याचा होता. डॉक्टरांनी तो थांबवला. ती दोन दिवस थोरलीबरोबर एकाच खोलीत झोपलेली होती, म्हणजे जो संपर्क व्हायचा तो झालाच होता, आणि मावशीकडे दीड महिन्याचे नातवंड होते. तिलाच पुढे आजार निघाला असता तर तो आम्ही आमच्या हाताने त्या घरात नेला असता.

आता जे लिहिते त्याची हळहळ मला अजून आहे. संपर्कानंतर तीन ते पाच दिवसांत लस दिली तर ज्याला अजून आजार झालेला नाही, त्याला तो टळू शकतो किंवा सौम्य होतो, असेही डॉक्टरांनी सांगितले होते, म्हणजे धाकट्याला ३ मार्चपर्यंत लस देता आली असती. यवतमाळला फोन करून विचारले, तर लस २,१०० रुपयांना होती आणि प्रतिपिंडांची तपासणी १,८०० रुपयांना. तुरीचे पैसे हाती यायचे होते आणि घरात २,५०० रुपये होते. आम्ही तपासणी निवडली. तो निर्णय मी आजही तसाच घेईन, परंतु पुढे धाकट्याच्या रात्री पाहताना ते २,१०० रुपये मला प्रत्येक वेळी आठवले.

३ मार्चला यजमान नणंदेला यवतमाळला घेऊन गेले, गाडीभाडे ६०० रुपये झाले. रक्ताचा नमुना पुढे नागपूरला गेला. ५ मार्चच्या संध्याकाळी अहवाल मोबाइलवर आला आणि डॉक्टरांना पाठवला. प्रतिपिंडे होती, म्हणजे लहानपणी माता आलेले ते लेकरू नणंदच होती. ती भिंतीला टेकून बराच वेळ गप्प बसून राहिली.

एक गोष्ट आपोआप उलगडली. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना कमरेवर नागीण झाली होती. कांजिण्यांचाच विषाणू बरे झाल्यावर मज्जातंतूंच्या मुळाशी निपचित राहतो आणि पुढे कधीतरी, बहुधा म्हातारपणी, नागीण होऊन पुन्हा वर येऊ शकतो. म्हणजे त्यांनाही कांजिण्या होऊन गेल्या होत्या आणि लेकराला घेऊन झोपायला घरात सर्वांत निर्धास्त त्या आणि मी दोघीच होतो. माझ्या कपाळावर माझ्या लहानपणच्या कांजिणीचा वण आहे. त्या रात्रीपासून आम्ही पाळ्या लावल्या.

त्या पाळ्यांमध्येच मला सासूबाईंची भीती कळली. त्यांच्या डाव्या दंडावर देवीच्या टोचणीचा गोल वण आहे. त्यांच्या आईची दोन लेकरे देवीने गेली होती, हे त्यांनी मला लग्नानंतर नऊ वर्षांनी पहिल्यांदा सांगितले. भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला आणि १९८० मध्ये तो रोग जगातूनच गेल्याचे जाहीर झाले. पण आमच्याकडे देवी, माता आणि कांजिण्या हे शब्द एकमेकांत इतके मिसळले आहेत की गेलेल्या रोगाची भीती या रोगाला येऊन चिकटली. देवीचे फोड चेहऱ्यावर आणि हातापायांवर दाट, एका वेळी एकाच अवस्थेत असत आणि खोल वण ठेवून जात. हे मी त्यांना थोरलीच्या पोटावरचे फोड दाखवत सांगितले, तेव्हा त्यांनी ते प्रत्येक फोडाशी ताडून पाहिले.

जुन्या रीतींपैकी काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे आम्ही दोघींनी मिळून ठरवले. दारावरचा निंबाचा डहाळा ठेवला, कारण गावात तो पाहून कोणी आत येत नाही, आणि संसर्ग टाळण्यासाठी तेच हवे असते. तरीही एक शेजारीण वीस दिवसांचे बाळ घेऊन विचारपूस करायला आली, तेव्हा मला अंगणातच हात आडवा करावा लागला. तिला आधी राग आला, नंतर कारण कळल्यावर ती स्वतःच चार घरी सांगून आली. बिनफोडणीचे जेवणही ठेवले, कारण तोंडात फोड असलेल्या लेकराला तिखट झोंबतेच. मीठ बंद करणे मात्र मान्य केले नाही. तापात आणि मार्चच्या उन्हात पाण्याबरोबर मीठही लागते, म्हणून आशाताईंनी दिलेल्या ओआरएसच्या पुड्या एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवून मी घोट घोट देत राहिले. आंघोळीचा प्रश्न सर्वांत कठीण होता. सासूबाईंच्या मते पाच दिवस पाणी लावायचे नव्हते, डॉक्टरांच्या मते रोज कोमट पाण्याने अंग धुवायचे होते, म्हणजे खाज कमी होते आणि नखांखालचे जंतू फोडांत जात नाहीत. निंबाचा पाला उकळून, गाळून कोमट केलेले पाणी वापरायचे, यावर आमचे एकमत झाले. आंघोळीनंतर अंग पुसायचे नाही, जुन्या लुगड्याच्या मऊ कापडाने नुसते टिपायचे. फोडांवर पाल्याचा लगदा, हळद, राख यांतले काहीही लावायचे नाही, हे मात्र डॉक्टरांनी स्पष्ट बजावले होते. खाज आली की सासूबाई निंबाची कोवळी डहाळी अंगावरून हलक्या हाताने फिरवायच्या आणि त्याने थोरली खरोखर शांत होत असे.

४ मार्चनंतर थोरलीला नवा फोड आला नाही. ६ मार्चला मी तिला उजेडात उभे करून डोक्यापासून पायापर्यंत पाहिले. सगळ्यांवर खपली होती. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत लागण होऊ शकते, त्यानंतर नाही. खपल्या गळून पडण्याची वाट पाहावी लागत नाही. १० मार्चला ती शाळेत गेली. शिक्षकांना लेखी हवे होते, म्हणून केसपेपरची प्रत दिली. तोवर वर्गातली चार मुले आजारी होती. आरोग्यसेविका शाळेत येऊन त्यांची नावे आणि तारखा नोंदवून गेल्या. एका गावात असे अनेक रुग्ण निघाले की आशाताईंना कळवायला हवे, कारण पुरळ म्हणजे गोवरही असू शकतो आणि त्याची वेगळी पाहणी होते.

धाकट्यावर मी रोज दिवा धरून पाहत होते. १३ मार्चला होळी होती. त्या संध्याकाळी तो उगाच किरकिर करू लागला. १५ तारखेला पहाटे त्याच्या मानेवर पहिला फोड सापडला आणि सकाळी नऊला आम्ही आरोग्य केंद्रात होतो. घरातल्या दुसऱ्या लेकराला आजार बहुधा अधिक जोराचा होतो, कारण त्याचा संपर्क जवळचा आणि सततचा असतो. म्हणून, आणि २४ तासांच्या आत आलो म्हणून, डॉक्टरांनी त्याला असायक्लोविर हे विषाणूवरचे औषध पाच दिवस, दिवसातून चार वेळा लिहून दिले. हे औषध प्रत्येक लेकराला लागत नाही आणि ते आपल्या मनाने आणायचे नसते. थोरलीला दिले नव्हते. बाहेरून १६० रुपयांना मिळाले.

१६ आणि १७ मार्च या दोन रात्री मला कधी विसरता येणार नाहीत. ताप १०३ पर्यंत गेला. फोड मोजणे मी दोनशेपाशी सोडून दिले; टाळूवर, पापणीच्या कडेला, लघवीच्या जागी, कुठेच मोकळी जागा नव्हती. रात्री दहानंतर वीज गेली की पंखा थांबे आणि घामाने खाज दुप्पट होई. आम्ही खाट अंगणात काढली, ओले फडके कपाळावर ठेवले आणि सासूबाई व मी दोन-दोन तासांनी वारा घालत बसलो. बनियनच्या कापडाच्या लहान पिशव्या शिवून त्याच्या हातांवर सैल बांधल्या होत्या, त्या तो दातांनी ओढून काढायचा. लघवी करताना आग व्हायची म्हणून तो ती धरून ठेवायचा. कोमट पाण्याच्या टोपात बसवले की करायचा. दूधही नको म्हणू लागला, तेव्हा ज्वारीची पातळ आंबील गार करून ताकात मिसळून वाटी-चमच्याने दिली आणि ती त्याने घेतली. तोंडात फोड असताना घास घेण्याचा आग्रह मी सोडला, मात्र दर सहा तासांत एकदा तरी लघवी होते ना, हे वहीत लिहीत राहिले.

कोणत्या खुणा दिसल्या की घरी थांबायचे नाही, ते डॉक्टरांनी मला दोनदा म्हणून घ्यायला लावले होते. ताप चार दिवसांपेक्षा जास्त टिकणे किंवा उतरून पुन्हा चढणे, फोडाभोवती कातडी लाल, गरम, टणक होणे किंवा पू येणे, श्वास जोरात चालणे, उलट्या थांबत नसणे, लेकरू जागे न होणे किंवा जागे होऊनही ओळख न देणे, मान ताठ होणे, झटका येणे, आणि चालताना तोल जाणे. या शेवटच्या खुणेसाठी मी धाकट्याला रोज सकाळी ओसरीपासून तुळशीपर्यंत चालवत असे. यांतले काहीही दिसले तर १०८ ला फोन करायचा, सकाळची वाट पाहायची नाही. महिन्याच्या आतले बाळ, गर्भवती, किंवा स्टिरॉइडची औषधे चालू असलेले लेकरू असेल, तर खुणांचीही वाट पाहायची नाही.

१९ मार्चला सकाळी अंग टिपताना कमरेच्या करगोट्याखालचा एक फोड वेगळा दिसला. बाकीचे सुकत होते; हा रुपयाएवढा लाल, हाताला गरम, आणि स्पर्श केला की तो ओरडायचा. करगोटा मी पहिल्याच दिवशी सोडायला हवा होता; तो घासून फोड फुटला होता. सासूबाईंनी तो स्वतः कात्रीने कापला आणि “चाल, आत्ताच जाऊ,” म्हणाल्या. ग्रामीण रुग्णालयात त्या आमच्याबरोबर आल्या. तिथे जंतुसंसर्ग झाल्याचे सांगून सात दिवसांचे प्रतिजैविक निःशुल्क दिले आणि लाल भागाच्या कडेने पेनाने रेघ ओढून दिली. लाली रेघेबाहेर गेली तर त्याच दिवशी परत यायचे होते. लाली आतच राहिली आणि २१ तारखेला फिकी झाली. औषध मात्र सातही दिवस दिले.

२३ मार्चला धाकट्याचा शेवटचा फोड सुकला आणि २५ ला तो अंगणवाडीत गेला. खपल्या पुढे दहा-बारा दिवस गळत राहिल्या; त्या ओढायच्या नाहीत, ओढल्या तर वण राहतो. कमरेवर त्याला एक वण राहिला आहे, थोरलीला एकही नाही.

गुढीपाडव्यानंतरच्या मंगळवारी सासूबाई दोघांना घेऊन मातामायच्या ठाण्यावर दहीभाताचा नैवेद्य दाखवायला गेल्या आणि मीही त्यांच्याबरोबर गेले. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात नणंद बाळंत झाली, मुलगी झाली. बाराव्या दिवशी आशाताई बाळाचे कार्ड घेऊन आल्या, तेव्हा सासूबाईंनी त्यांना विचारले, “मातेची सुई या कार्डावर हाय का?” नाही म्हटल्यावर त्यांनी ती कधी द्यायची ते विचारून घेतले आणि कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूला माझ्याकडून लिहून घेतले: जुलै २०२६, यवतमाळ, २,१०० रुपये.